बारमाही बर्फाच्या गावी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



परदेशाहून परत आल्यापासून मला मंडईत, देवळात, जिन्यात, जिथे भेटेल तिथे एकच प्रश्न विचारला जातो : "काय हो, बर्फाचा डोंगर पाहिलात म्हणे!" जिन्यात उभी राहून प्रत्येकीला सांगता सांगता दोन वेळा माझे दूध उतू गेले. तेव्हा अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "एकदाच सगळ्यांना सांगून टाका, म्हणजे आमचीही हौस फिटेल आणि तुमचे दूधही वाचेल." म्हणून मी आज उभी आहे. भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. 'हिमनदी' हा शब्द भूगोलाच्या पुस्तकात वाचला होता, तेवढीच माझी तयारी. जे आकडे सांगेन ते भावाने आणि भावजयीने समजावून दिलेले आहेत आणि मी ते वहीत उतरवून आणले आहेत.

एक गोष्ट मात्र मी जिन्यात कुणालाच सांगितली नाही. ती आज सांगणार आहे. ती सांगण्यासाठीच खरे तर मी बोलायला कबूल झाले.

माझा धाकटा भाऊ स्वित्झर्लंडमध्ये बाझेल या शहरी असतो. औषधांच्या एका कंपनीत त्याची नोकरी आहे. आमचे गाव अकोले तालुक्यातले. गावची शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा दोन कोसांवर. मी सातवी झाले त्याच वर्षी आई अंथरुणाला खिळली. भाऊ तेव्हा सहा वर्षांचा. घरात कुणीतरी राहायला हवे होते, ती मी राहिले. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. पण भावाच्या मनात ते कुठेतरी राहून गेले असावे. २०२५ च्या एप्रिलात त्याचा फोन आला, "ताई, यंदा राखी टपालाने पाठवू नकोस. घेऊन ये. तिकीट मी काढतो."

आमच्या ह्यांना दुकान सोडून येता येईना, पण त्यांनीच मला आग्रह केला. निघण्यापूर्वी त्यांच्या सांगण्यावरून डॉक्टरीणबाईंना दाखवून आले. त्यांनी रक्त तपासले, एक कागद दिला आणि गोळ्यांची पाकिटे दिली. कागद मी देवघराच्या खणात ठेवला, आणि भाजणीचे, मेतकुटाचे, चटणीचे डबे भरायला बसले.

९ ऑगस्टला राखीपौर्णिमा झाली. इतक्या वर्षांनी भावाच्या हाताला माझ्या हाताने राखी बांधली. त्यानंतरच्या आठवड्यात तो म्हणाला, "चल, तुला बारमाही बर्फ दाखवतो." खाली बाझेलला तर असा उकाडा होता की आम्ही पंखा लावून बसलो होतो. मला थट्टाच वाटली.

बाझेलहून सकाळी आगगाडीने निघालो. दोन तासांत फिस्प नावाचे स्टेशन आले. वाटेत डोंगराच्या पोटातून जाणारा चौतीस किलोमीटरांहून लांब बोगदा लागतो. तो २००७ साली सुरू झाला. फिस्पला गाडी बदलायची आणि छोट्या तांबड्या गाडीत बसायचे. ही गाडी चढावर दातेरी रुळाला चाक अडकवून चढते. एका बाजूला फेसाळती नदी, दुसऱ्या बाजूला कडे. तासाभराने झेरमॅट आले.

या गावात मोटारी येऊ देत नाहीत. पाच किलोमीटर अलीकडे टॅश नावाच्या गावी मोटार ठेवून आगगाडीने यावे लागते. गावात विजेवर चालणाऱ्या बुटक्या गाड्या, घोड्यांच्या बग्ग्या आणि माणसे. माणशी बोलणे आणि पाण्याचा आवाज एवढाच गलबला. भावाने विचारले, "ताई, आपण किती उंचावर आहोत सांग बघू?" मला काय ठाऊक! तो म्हणाला, "सोळाशे आठ मीटर." मैत्रिणींनो, आमच्या माहेरच्या बाजूची कळसूबाई १६४६ मीटर. महाराष्ट्रात तिच्याहून उंच शिखर नाही. लहानपणी नवरात्रात आम्ही ती चढून जायचो आणि वर देवीच्या देवळापाशी पोचले की आता याच्या वर फक्त आभाळ असे वाटायचे. आणि इथे कळसूबाईच्या डोक्याएवढ्या उंचीवर गावाची बाजारपेठ! डोंगर तिथून पुढे सुरू होतो.

गावाच्या जुन्या भागात काळवंडलेल्या लाकडाची लहान लहान घरे आहेत. भावजय म्हणाली, "ताई, ही तुम्हाला आवडतील." ती धान्याची कोठारे निघाली. प्रत्येक कोठार लाकडी खांबांवर उभे, आणि खांब व कोठार यांच्यामध्ये जात्याच्या तळीएवढी गोल दगडी चकती ठेवलेली. उंदीर खांबावरून चढला तरी त्या चकतीखाली उलटा चालू शकत नाही, म्हणून दाणा सुरक्षित. पूर्वी हे लोक फार गरीब होते. उन्हाळा तोकडा, पीक थोडे, आणि सहा महिने बर्फ. जे साठविले त्यावरच हिवाळा काढायचा. मला आमच्या घरची कणगी आठवली. आई म्हणायची, "कणगीतून काढताना तळ दिसता कामा नये." हे वाक्य पुढे दोन दिवसांत मला पुन्हा पुन्हा आठवायचे होते.

संध्याकाळी ढग बाजूला झाले आणि मॅटरहॉर्न दिसला. ४४७८ मीटर उंचीचा, एकटा, वर जरा मान वाकडी केल्यासारखा. १८६५ च्या १४ जुलैला सात जण प्रथम या शिखरावर पोचले आणि उतरताना दोर तुटून त्यांतले चौघे खाली गेले. तो तुटका दोर तिथल्या संग्रहालयात ठेवला आहे. आपल्या मंडळात सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८७१ साली, ल्यूसी वॉकर नावाची इंग्रज बाई या शिखरावर चढली. असे करणारी ती पहिली स्त्री. आणि चढली ती लांब घागऱ्यात! मी पातळावर स्वेटर घालून थंडीत चालले होते आणि लोक वळून बघत होते. ल्यूसीबाईंचे ऐकल्यावर माझा संकोच गेला. भावजयीने आणखी एक सांगितले, त्यावर माझा विश्वास बसेना. जिथे १८७१ साली बाई शिखरावर चढली, त्या देशात बायकांना देशाच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार मिळाला १९७१ साली, शंभर वर्षांनी. आपल्या आज्यांनी १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत मते दिली होती. तेव्हा परदेशातले सगळेच आपल्यापुढे असते असे समजू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आम्ही वर निघालो. रायगडचा रोपवे आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला आहे. तसाच दोरावरचा पाळणा, पण खोलीएवढा. आधी एका पाळण्याने ट्रॉकनर श्टेग नावाच्या ठिकाणी, २९३९ मीटरवर जायचे. तिथून दुसरा पाळणा. त्यात अठ्ठावीस माणसे बसतात. हा मार्ग २०१८ साली बांधला. नऊ मिनिटांत तो तुम्हाला क्लाइन मॅटरहॉर्नला, म्हणजे धाकट्या मॅटरहॉर्नला नेऊन सोडतो. खाली हिमनदी पसरलेली दिसते. हिमनदी म्हणजे पाण्याची नदी गोठलेली, असे मला सातवीपासून वाटत होते. तसे नाही. दर हिवाळ्यात पडलेला भुसभुशीत बर्फ उन्हाळ्यात पुरता वितळत नाही. त्यावर पुढच्या हिवाळ्याचा थर बसतो, त्यावर आणखी. वरच्या ओझ्याने खालचा थर दाबत दाबत दगडासारखा घट्ट आणि निळसर होतो, आणि स्वतःच्या भाराने उतारावरून इतका हळू सरकतो की डोळ्यांना कळत नाही. पाटावर पडलेले घट्ट पीठ जसे हळूच ओघळते, तसे. त्याला जागोजागी खोल भेगा पडतात. वरून त्या सुरकुत्यांसारख्या दिसतात. पण एकेका सुरकुतीत आपले घर मावेल.

पाळण्यातून उतरलो की डोंगर आरपार पोखरून केलेला बोगदा लागतो. पलीकडे बाहेर पडलो आणि डोळेच दिपले. ऑगस्ट महिना, निरभ्र आभाळ, आणि जिकडे पाहावे तिकडे पांढरे! मी हातमोजा काढून मूठभर बर्फ उचलला. मला वाटले होते सरबतातल्या बर्फासारखा असेल. तो जाड साखरेसारखा रवाळ होता. हाताला आधी झोंबला आणि मग हात बधिर झाला. भाचा म्हणाला, "आत्या, खाऊ नकोस हं!" त्याने माझ्या मनातले ओळखले होते.

बर्फावर मुलेमुली स्कीइंग करीत होती. स्की म्हणजे माणसाच्या उंचीच्या जवळपास लांब अशा अरुंद पट्ट्या. पोटरीपर्यंत येणारे कडक बूट घालायचे, ते या पट्ट्यांत अडकवायचे, हातात दोन काठ्या घ्यायच्या, डोक्याला शिरस्त्राण, डोळ्यांना काळा चष्मा, आणि उतारावरून सोडून द्यायचे. थांबायचे कसे, हा माझा पहिला प्रश्न. भाच्याने करून दाखविले : पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणायची आणि मागची फाकवायची, म्हणजे वेग कमी होतो. त्यांच्या भाषेत याला 'बर्फाचा नांगर' म्हणतात. शेतकऱ्याच्या मुलीला ते लगेच समजले. निरनिराळ्या देशांचे संघ उन्हाळ्यात इथे सरावाला येतात. बाकी डोंगरांवर हिवाळ्यातच हा खेळ चालतो. वर्षाचे बारा महिने स्कीइंग चालणारी ठिकाणे युरोपात बोटांवर मोजण्याइतकी आहेत, त्यांत झेरमॅटचे नाव मोठे. उन्हाळ्यात मात्र हे सगळे सकाळी. ऊन वाढले की बर्फ मऊ पडतो. म्हणून पहाटे यायचे आणि दुपारी आटपायचे. रात्री यंत्रे फिरून बर्फ सारखा करतात, आपण अंगण सारवतो तसा.

तिथून उद्वाहकाने आणि मग थोड्या पायऱ्या चढून अगदी टोकावरच्या सज्जात जाता येते. उंची ३८८३ मीटर, म्हणजे दोन कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी अजून उरतेच. सगळीकडे शिखरे, आणि लांब फ्रान्सच्या बाजूचे मो ब्लां. भावाने सांगितले की इथे हवा विरळ. समुद्रकाठी एका श्वासात जितका प्राणवायू मिळतो, त्याच्या दोन तृतीयांशांहूनही थोडा कमी इथे मिळतो. पाणी सत्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळते. मी म्हटले, "मग डाळ शिजायची नाही!" सगळे हसले. कुकराशिवाय खरोखरच शिजायची नाही, म्हणाला.

आणि हसता हसता माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

आता ती गोष्ट. कठड्याला धरून मी उभी होते, पण हातात कठडा आहे असे वाटेना. कानांत घूं घूं, छातीत धडधड, आणि कितीही श्वास घेतला तरी पुरेना. मी काही बोलले नाही. भावाने एवढा खर्च केला, भाचा एवढा आनंदात, त्यात आपले दुखणे कुठे काढायचे, ही आपली नेहमीची रीत. भावजयीचे लक्ष गेले म्हणून बरे. ती म्हणाली, "ताई, तुमचे ओठ निळे पडलेत." पुढचे मला अर्धवट आठवते. तिथल्या एका बाईने खुर्ची आणली, मला बसविले, माझी नखे पाहिली, आणि भावाला काहीतरी ठामपणे सांगितले. नंतर कळले की ती म्हणाली होती, याला औषध एकच, ताबडतोब खाली उतरा.

पाळण्यात भावाने माझा हात घट्ट धरला होता. इतका मोठा माणूस, पण आई आजारी असताना स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा तेव्हाचाच चेहरा. त्याने विचारले, "ताई, खरं सांग. निघण्यापूर्वी डॉक्टर काय म्हणाले होते?" मग मात्र मला लपवता आले नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते की रक्त फार कमी आहे. बारा हवे तिथे आठ पूर्णांक चार. लोहाच्या गोळ्या रोज घ्या, प्रवासाआधी पुन्हा तपासा, आणि उंचावर जाणार असाल तर मला विचारल्याशिवाय जाऊ नका. मी आठ दिवस गोळ्या घेतल्या. पोटात मळमळले म्हणून सोडल्या. पुन्हा तपासायला वेळ झाला नाही. भाजणी भाजायला झाला, चकल्या करायला झाला, यांच्या दोन आठवड्यांच्या डब्याची सोय लावायला झाला. तेवढ्यालाच काय तो झाला नाही.

विरळ हवेत प्राणवायू कमी, आणि जो आहे तो अंगभर वाहून न्यायला रक्तही कमी. मग काय होणार! भाऊ रागावला नाही. तो एवढेच म्हणाला, "मी तुला बर्फ दाखवायला आणलं, ताई. मला काय माहीत, मी तुला काय करत होतो." ते वाक्य मला अजून टोचते. त्याच्या आयुष्यभराच्या ओवाळणीचा मी केवढा घोर केला असता!

ट्रॉकनर श्टेगला उतरल्यावर अर्ध्या तासात मला पुष्कळ बरे वाटले. तिथे एका बाकावर आम्ही बसून राहिलो. समोर हिमनदीच्या वितळलेल्या पाण्याचे राखी रंगाचे तळे होते, आणि त्याभोवती नुसता उघडा दगड, घासून गुळगुळीत झालेला. मी विचारले, "इथे बर्फ का नाही?" भाऊ म्हणाला, "होता. हा दगड बर्फानेच घासलाय." आणि मग त्याने मला हिमनदीचा जमाखर्च सांगितला. तो मला कोणत्याही पुस्तकापेक्षा चटकन समजला.

हिवाळ्यात पडणारा बर्फ ही जमा. उन्हाळ्यात वितळणारा बर्फ हा खर्च. जमा आणि खर्च जुळले की हिमनदी आहे तिथे राहते. खर्च जास्त झाला की मुद्दलाला हात लागतो, शेकडो वर्षे साठलेल्या निळ्या बर्फाला. स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ दर वर्षी हा हिशेब मांडतात. २०२२ साली एका वर्षात त्या देशातल्या हिमनद्यांनी उरलेल्या बर्फापैकी शंभरातले जवळजवळ सहा भाग गमावले. २०२३ साली चार. २०२४ च्या हिवाळ्यात बर्फ भरपूर पडला होता, म्हणजे जमा चांगली होती. तरी वर्षअखेर सुमारे अडीच भाग तूटच. मी परत आल्यानंतर २०२५ चा हिशेब आला, तो भावाने फोनवर सांगितला : तीन भाग. २०१५ पासूनच्या दहा वर्षांत मिळून जवळजवळ चौथा हिस्सा गेला. तळ दिसू लागला आहे.

ज्याला आपण बारमाही म्हणतो, त्या झेरमॅटच्या बर्फावरही २०२२ च्या जुलैअखेरीस उन्हाळी स्कीइंग बंद ठेवावे लागले होते. इतका बर्फ वितळला होता. २०२३ च्या ऑगस्टात तर हवेत शून्य अंश गाठायला ५२९८ मीटर उंच जावे लागत होते. युरोपातल्या आल्प्समध्ये एवढे उंच शिखरच नाही. बर्फ ओसरल्यामुळे तिथे देशाची सीमासुद्धा हलली आहे. स्वित्झर्लंड आणि इटली यांची हद्द बर्फाच्या कण्यावरून ठरविलेली. कणाच सरकला, तेव्हा २०२४ च्या सप्टेंबरात स्वित्झर्लंडच्या सरकारने नव्या हद्दीला मान्यता दिली. आपल्याकडे बांध हलला की दोन भाऊ कोर्टात जातात; त्यांनी कागदावर निपटले, हे एक बरे.

पण सगळेच कागदावर निपटत नाही. त्याच प्रांतात ब्लाटेन नावाचे गाव होते. २०२५ च्या मे महिन्यात त्याच्या डोक्यावरच्या डोंगराचे कडे ढासळून हिमनदीवर पडू लागले. तिथल्या अधिकाऱ्यांनी १९ मे रोजी तीनशेच्या आसपास गावकऱ्यांना गुरांसकट हलविले. २८ मे रोजी हिमनदी दगडांसह कोसळली आणि गावाचा बहुतेक भाग गाडला गेला. एक मनुष्य दगावला; बाकीचे वाचले, ते वेळीच ऐकले म्हणून. घरे, देऊळ, साठवणीची कोठारे, सगळे गेले. आम्ही गेलो तेव्हा त्याला तीन महिनेही झाले नव्हते, आणि आगगाडीतली माणसे त्याविषयी हलक्या आवाजात बोलत होती.

हे असे का होते, तर हवा तापते आहे म्हणून. आणि हवा तापते ती कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून जो वायू निघतो त्याने. मी ज्या विमानाने गेले, त्याचाही त्यात वाटा आहे. हे सांगितल्याशिवाय मी दुसऱ्याला नावे ठेवणे बरोबर नाही. भाच्याने विचारले, "आत्या, मी बाबांएवढा होईन तेव्हा इथे बर्फ असेल ना?" भाऊ गप्प राहिला. मी म्हटले, "वर थोडा असेल रे. तुम्ही आणि आम्ही किती जपतो, त्यावर आहे." आणखी काय सांगणार!

मैत्रिणींनो, त्या बाकावर बसून मी पुष्कळ वेळ विचार करीत होते. एवढी मोठी हिमनदी, लांबून पाहिली तर शांत, पांढरी, भरलेली. वरून काही कळत नाही. मुलांनी तिच्यावर खेळावे, खालच्या नद्यांनी तिचे पाणी प्यावे, धरणांनी वीज करावी, सगळे तिच्यावर. आणि आत मुद्दल आटते आहे. बारमाही आहे, आहे, म्हणता म्हणता एक दिवस दगड उघडा पडतो. मला वाटले, आम्ही बायका याहून वेगळे काय करतो? घरात सर्वांना वाढून झाल्यावर उरले ते खायचे, दुखले तर अंगावर काढायचे, आणि वर्षानुवर्षे आपण आहोतच, असे घरानेही समजायचे आणि आपणही. जमा नाही, नुसता खर्च. आई गेली तेव्हा डॉक्टरांनी हेच सांगितले होते, की अंगात काही उरलेच नव्हते. कणगीचा तळ दिसू देऊ नये, असे सांगणाऱ्या माझ्या आईने स्वतःच्या अंगाचा तळ कधी पाहिला नाही. आणि मी तिची मुलगी.

परत आल्यावर मी पहिल्याच दिवशी देवघराच्या खणातला कागद काढला आणि डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी मला चांगले फैलावर घेतले. मग नीट सांगितले, ते तुम्हालाही सांगते. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा चहा पिऊन लगेच घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबाचे पाणी, आवळा, पेरू यांच्याबरोबर ते चांगले लागते. मळमळले तर स्वतःच्या मनाने सोडू नये, डॉक्टरांना सांगावे. त्या गोळी बदलून देतात किंवा वेळ बदलतात. आणि रक्त कमी का आहे याचे कारण शोधावे लागते. नुसत्या गोळीवर भागेलच असे नाही. माझे कारण सापडले, उपचार झाले, आणि तीन महिन्यांनी आकडा अकरावर गेला. आता जिना चढताना मध्ये थांबावे लागत नाही. ते थांबणे वयाचे आहे, असे मी इतकी वर्षे समजत होते.

२०१९ ते २१ या काळात सरकारने देशभर पाहणी केली. तीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांमागे सत्तावन्न जणींना रक्त कमी असल्याचे आढळले. आपल्या महाराष्ट्रात चोपन्न. म्हणजे या सभागृहात उजव्या-डाव्या शेजारणीकडे पाहा, दोघींपैकी एक. आणि बहुतेकींना पत्ता नाही, कारण घरातली कामे चालू आहेत ना!

म्हणून कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. दर वर्षी आपण वर्धापनदिनी हळदीकुंकू करतो, वाण लुटतो. यंदा वाणाला स्टीलची वाटी न देता प्रत्येकीच्या रक्ताची तपासणी करून द्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात विचारले तर त्यात मदत मिळते आणि गोळ्याही मिळतात. वाट्या आपल्या सगळ्यांच्या मांडणीत पुष्कळ झाल्या.

भावाने परवा फोनवर विचारले, "ताई, पुन्हा येशील?" मी म्हटले, "येईन, पण आधी आकडा बारावर नेते, मग ये म्हण." तो हसला. मग म्हणाला, "तोवर बर्फ राहू दे म्हणजे झालं." त्या बर्फाचे माझ्या एकटीच्या हाती फारसे नाही. माझ्या रक्ताचे आहे. तेवढे तरी मी आता सांभाळते आहे, आणि तुम्हीही सांभाळावे म्हणून चार शब्द बोलले.

 घरी जाऊन चहा टाकाल, तेव्हा गोळी मात्र त्याच्याबरोबर घेऊ नका.